जेवलेलं पोट

पुरुषाचं आतडं साडेतीन व्याम लांब असतं आणि स्त्रीचं त्याहून अर्धा व्याम कमी, असं सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटलं आहे. दोन्ही हात आडवे ताणले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जेवढं अंतर भरतं, तो एक व्याम. दोर मोजताना आपण वाव म्हणतो तेच. सोलापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. पचनसंस्थेचा धडा आला की मी सुतळीचा गुंडा घेऊन मुलांना व्हरांड्यात काढते. साडेपाच फुटांच्या एखाद्या मुलाला हात ताणून उभं करायचं, त्याच्या मापाने साडेतीन वाव सुतळी सोडायची आणि ती फरशीवर सरळ टाकायची. ती 19 फुटांच्या पुढे जाते. एवढं सगळं आपल्या पोटात आहे यावर मुलांचा पटकन विश्वास बसत नाही.

मग मी दुसरा आकडा सांगते. लंडनचे शल्यवैद्य फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी 100 प्रेतांची आतडी मोजली आणि 1885 मध्ये त्यावर लिहिलं. पुरुषाचं लहान आतडं सरासरी 22 फूट 6 इंच, स्त्रीचं 23 फूट 4 इंच. पुरुषांमध्ये सगळ्यात आखूड निघालं ते साडेपंधरा फुटांचं, सगळ्यात लांब 31 फूट 10 इंचांचं. बाई आणि पुरुष यांच्यातला फरक सुश्रुताने सांगितला त्याच्या उलट निघाला. तरीही सुश्रुताचं माप पाहून मी आजही थक्क होते. नुसती कल्पना करून कुणी साडेतीन असा आकडा लिहीत नाही. ते आतडं कुणीतरी हातात धरून, ताणून मोजलेलं आहे.

कसं मोजलं असेल, तेही त्याच ग्रंथात आहे. प्रेत अव्यंग असावं, विषाने मेलेलं नसावं, लांबलेल्या आजाराचं नसावं, शंभरीचं नसावं. ते मुंज, कुश, ताग अशा कशात तरी गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावं आणि आडोशाच्या जागी वाहत्या पाण्यात बांधून कुजू द्यावं. सात रात्रींनी बाहेर काढून वाळा, बांबू किंवा केसांच्या कुंचल्याने हळूहळू घासावं आणि कातडीपासून आत एकेक थर डोळ्यांनी पाहावा. शास्त्र वाचलेलं असावं आणि प्रत्यक्ष पाहिलेलंही असावं, दोन्ही मिळून ज्ञान वाढतं, असा त्याचा आग्रह. या सगळ्या सूचनांत एक छोटी अट आहे. तिच्यापाशी मी नेहमी थांबते. आतड्यातला मळ आधी काढून टाकावा.

पोट रिकामं करूनच बघायचं. दुर्गंधी आणि कीड यांचा विचार केला तर यात गैर काही नाही. पण हजारो वर्षं पोटाचं शास्त्र कुठे अडून राहिलं याचा माग मी काढू लागले, तेव्हा ते वारंवार याच जागी अडलेलं दिसलं. मेलेलं, रिकामं पोट आपली लांबी सांगतं, जागा सांगतं, कोणाला काय जोडलेलं आहे ते सांगतं. ते काय करतं, हे मात्र सांगत नाही. तिथून पुढचं जे कळलं, ते बहुतेक जेवलेल्या पोटाकडून कळलं. लांबीचंही तेच. जिवंत माणसाच्या स्नायूंना ताण असतो, त्यामुळे त्याचं लहान आतडं सुमारे 3 मीटर भरतं. ट्रीव्ह्ज यांचे साडेबावीस फूट हे मेल्यावर सैल पडलेल्या आतड्याचे आहेत.

युरोपातही सुरुवात मेलेल्या पोटापासूनच झाली. बोलोन्याच्या मोंदिनोने 1316 च्या सुमारास शवविच्छेदनाची पोथी लिहिली. तिच्यात पहिलं पोट उघडायला सांगितलं आहे, कारण सडायला सुरुवात तिथून होते. बर्फाची पेटी नव्हती, चार दिवसांत सगळं उरकायचं असायचं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 43 वर जातो तेव्हा दुपारपर्यंत काय होतं, हे ज्याला माहीत आहे त्याला मोंदिनोची घाई समजेल.

लिओनार्दो दा विंचीने 1507-08 च्या हिवाळ्यात फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हा रुग्णालयात शंभरी गाठलेला एक म्हातारा शांतपणे मरताना पाहिला आणि नंतर त्याचं शरीर उघडलं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारा लहानसा कोंब, म्हणजे आपलं अपेंडिक्स, पहिल्यांदा कागदावर आलं ते त्याच्या हातून. आतड्यांची त्याची चित्रं आजही पाहत राहावीत अशी आहेत. पण एवढ्या नजरेच्या माणसाला आतडं स्वतःहून हलतं हे दिसलं नाही. अन्न पुढे सरकतं ते श्वासाबरोबर छाती आणि पोट यांच्यामधला पडदा वरखाली होतो म्हणून, अशी त्याची समजूत होती. दिसणार तरी कसं? त्याच्यासमोर जी आतडी होती ती सगळी थांबलेली होती.

त्याहून जुना आणि जास्त चिवट गैरसमज यकृताचा. दुसऱ्या शतकातला गॅलेन हा रोमच्या जगातला सगळ्यात मोठा वैद्य. त्याने माकडं आणि डुकरं फाडली होती, माणूस फाडण्याची तिथे सोय नव्हती. जठरात शिजलेला अन्नरस शिरांमधून थेट यकृतात जातो आणि यकृत त्याचं रक्त करतं, असं तो सांगून गेला. पुढची चौदाशे वर्षं शरीरात यकृताचं राज्य चाललं. 1543 मध्ये व्हेसेलियसने आपला सचित्र महाग्रंथ छापला आणि गॅलेनच्या ढिगाने चुका दाखवल्या. यकृताचं सिंहासन तरी हललं नाही.

ते हलवलं नुकत्याच जेवलेल्या एका कुत्र्याने. जुलै 1622 ची गोष्ट. इटलीतला शरीरशास्त्रज्ञ गास्पारे आसेली काही मज्जातंतू दाखवण्यासाठी एक जिवंत कुत्रा उघडत होता. भूल हा प्रकार तेव्हा नव्हता आणि हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. आतडी बाजूला करताच त्यांना धरून असलेल्या पडद्यावर पांढऱ्या बारीक रेषांचं जाळं दिसलं. आधी त्याला ते मज्जातंतूच वाटले. त्यातली एक रेष कापली, तर दुधासारखा पांढरा रस बाहेर आला. दुसरा कुत्रा उघडला, तो उपाशी होता, त्याच्यात रेषा दिसेनात. तिसऱ्याला आधी पोटभर खाऊ घातलं, रेषा परत हजर. अन्नातली चरबी वाहून नेणाऱ्या या नळ्या आसेलीच्या आधी पोटं फाडणाऱ्या बहुतेकांना दिसल्या नव्हत्या, कारण त्या भरलेल्या असल्या तरच दिसतात. आसेली लवकर वारला, त्याचं पुस्तक 1627 मध्ये मागाहून निघालं. त्यातही हा रस यकृतालाच जातो असं त्याने गृहीत धरलेलं आहे. 1651 मध्ये फ्रान्सच्या झाँ पेके याने दाखवलं की तो यकृताला वळसा घालून छातीतल्या एका नळीने वर चढतो आणि मानेजवळ थेट रक्तात मिसळतो. डेन्मार्कच्या टोमास बार्टोलिनने मग यकृतासाठी मृत्युलेखच लिहिला. गॅलेन अगदीच चुकला होता असं नाही. साखर आणि प्रथिनांचे कण आतड्याकडून यकृताकडेच जातात. पण चरबीची वाट वेगळी आहे, हे कळायला एक जेवलेला कुत्रा लागला.

आसेलीने पाहिलेल्या त्या नळ्यांची सुरुवात ज्या केसाळ अस्तरात होते, तसंच दिसणारं एक अस्तर मी पुस्तकात वाचलं त्याच्या कितीतरी आधी बोटांनी चाचपलेलं होतं. आमच्या घरी रविवारी कधी कधी वजडी यायची. आई ती परातीत घेऊन गरम पाणी आणि चुना लावून घासायची. जठराच्या मोठ्या पिशवीचं काळपट अस्तर निघून गेलं की खाली सगळा केसाळ पृष्ठभाग, दुसऱ्या कप्प्याला षटकोनी घरं, तिसऱ्याला वहीच्या पानांसारखे पडदे. मी शेजारी बसून पानं मोजायचा प्रयत्न करायची आणि आई ओरडायची, "अगं, हात आवर, अजून मसाला वाटायचाय." तो केसाळपणा माझ्या ओळखीचा होता. बाबा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात. एकाचा ताणा घट्ट, तो कापड धरतो. दुसऱ्याचा ताणा ढिला सोडलेला, त्याचे फास वर उठतात. हे बारीक फास टॉवेलचा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढवतात, म्हणून तो पाणी ओढतो. साध्या पंचाला ते जमत नाही. माणसाच्या लहान आतड्याचं अस्तर नेमकं याच हिकमतीवर उभं आहे. अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे असंख्य अंकुर, आणि प्रत्येक अंकुराच्या मध्यातून आसेलीची एक पांढरी नळी निघते. जर्मनीच्या योहान लीबरक्यून याने 1745 मध्ये या अंकुरांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं.

हे सगळे अंकुर सपाट पसरले तर टेनिसचं मैदान झाकेल, असं आम्हाला शिकवलं होतं. 2014 मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी सूक्ष्मदर्शकातून नव्याने मापं घेतली. सगळ्या पचनमार्गाचं क्षेत्रफळ सुमारे 32 चौरस मीटर भरलं, म्हणजे बॅडमिंटनचं जेमतेम अर्धं मैदान. मी आता तोच आकडा सांगते.

स्वादुपिंडाची कथा वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं. 2 मार्च 1642 रोजी पादुआमध्ये फाशी दिलेल्या एका माणसाच्या शरीरात योहान गेओर्ग विर्सुंगला त्या ग्रंथीच्या आत लांबलचक नळी सापडली. त्याने तिचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलं, छापे काढले आणि युरोपभरच्या जाणकारांना पाठवून विचारलं: हिला मी काय म्हणू, धमनी की शीर? रक्त तर हिच्यात मला कधी दिसलं नाही, गढूळसा रस दिसतो. समाधानकारक उत्तर यायच्या आधी, ऑगस्ट 1643 मध्ये, कुणीतरी त्याला गोळी घालून मारलं. उत्तर मिळालं ते दोनशे वर्षांनी. सशामध्ये ही नळी आतड्यात बऱ्याच खाली उघडते. चरबी खाल्लेला ससा क्लॉद बेर्नारने उघडला तेव्हा आसेलीच्या पांढऱ्या रेषा त्या तोंडाच्या खालीच दिसल्या, वर नाहीत. म्हणजे चरबी फोडतो तो या नळीतला रस. इथेही साक्ष जेवलेल्या पोटाचीच.

अन्नाचं पोटात होतं तरी काय? आपल्याकडे जठराग्नी, तो अन्न शिजवतो. ॲरिस्टॉटलही शिजण्याचंच बोलला. अलेक्झांड्रियाच्या एरासिस्ट्रॅटसचं मत होतं की जठर स्नायूंनी अन्न भरडतं. पुढे कुणी म्हणालं आंबतं, कुणी म्हणालं कुजतं. हा वाद नुसत्या बोलण्याने कधी मिटला नसता. 1752 मध्ये फ्रान्सच्या रेओम्यूरने एका घारीकडून तो सोडवून घेतला. न पचलेलं घार ओकून टाकते. रेओम्यूरने धातूच्या नळीत मांस भरलं, तोंडांना जाळी लावली आणि नळी घारीला गिळायला लावली. आता जठराने कितीही दाबलं तरी मांसाला धक्का लागणार नव्हता, रस तेवढा आत जाणार होता. घारीने नळी ओकली तेव्हा मांस बरंचसं विरघळलेलं होतं आणि त्याला कुजल्याचा वास नव्हता. भरडणंही नाही, सडणंही नाही. या प्रयोगाइतका नेटका प्रयोग मला या सगळ्या इतिहासात दुसरा सापडत नाही.

लाझारो स्पालान्झानी या इटालियन पाद्र्याने पुढे स्वतःचंच पोट वापरलं. तागाच्या कापडाच्या लहान पिशव्यांत चावलेली पोळी आणि मांस शिवून तो गिळायचा. पिशवी आत अडकली तर, ही धास्ती त्याने लिहून ठेवली आहे. पिशव्या शाबूत बाहेर आल्या, आत काही उरलं नव्हतं. मग भोकं पाडलेल्या लाकडी नळ्या गिळल्या. जठररस शरीराबाहेर काढून त्यात मांस घातलं आणि ती नळी ऊब मिळावी म्हणून काखेत धरून ठेवली, तर मांस तिथेही विरघळलं. 1780 मध्ये त्याने हे छापलं. त्या रसातलं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, हे विल्यम प्राउटने 1824 मध्ये सिद्ध केलं.

अलेक्सिस सेंट मार्टिनवर मला जरा जास्त लिहायचं आहे. 6 जून 1822 रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर एका दुकानात चुकून बंदूक उडाली आणि या कॅनडियन हमालाच्या डाव्या कुशीत छर्रे घुसले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवलं, पण जखम पुरती बुजली नाही. जठराला बाहेरून भोक राहिलं. 1825 पासून बोमाँट त्या भोकातून रेशमी धाग्याला बांधून मांसाचे तुकडे, शिळा पाव, कच्ची कोबी आत सोडायचे आणि तासातासाने ओढून बघायचे. कुठला पदार्थ किती वेळात विरतो, जठराचं तापमान किती, सगळं टिपलं. 1833 मध्ये 238 प्रयोगांचं पुस्तक निघालं. त्यातली एक नोंद माझ्या मनात घर करून आहे: सेंट मार्टिन चिडला की पचन मंदावतं.

तो का चिडत होता हे पुस्तक सविस्तर सांगत नाही. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तो येतो. निरक्षर माणूस, करारावर अंगठ्याऐवजी फुली मारणारा, डॉक्टरांच्या घरी लाकडं फोडणारा आणि बोलावलं की सदरा वर करून आडवा होणारा. तो मधूनच घरी निघून जायचा, बायको-मुलं होती त्याला. पोटाबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यात त्याचा वाटा फार मोठा आहे आणि माझ्या मते प्रत्येक पाठ्यपुस्तकात डॉक्टरच्या आधी त्याचं नाव छापलं पाहिजे. 1880 मध्ये तो वारला. डॉक्टर मंडळी शव मागत होती. घरच्यांनी ऐन उन्हाळ्यात ते कुजेपर्यंत ठेवलं आणि मग खोल खड्डा खणून पुरलं, जेणेकरून कुणी उकरून नेऊ नये. सुश्रुताने पाहता यावं म्हणून देह कुजवला होता. या कुटुंबाने कुणाला पाहता येऊ नये म्हणून कुजवला, आणि तो त्यांचा हक्क होता.

चिडण्याची नोंद पुढे क्ष-किरणांनी खरी ठरवली. 1896 च्या अखेरीस, क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम वर्ष झालं असताना, हार्वर्डमधला विद्यार्थी वॉल्टर कॅनन प्राण्यांना बिस्मथ मिसळलेलं अन्न देऊन पडद्यावर ते जाताना पाहू लागला. मांजराच्या जठरावरून लाटा सरकताना दिसायच्या. मांजर बिथरलं की लाटा थांबायच्या. लिओनार्दोला जे दिसलं नव्हतं ते आता कापल्याशिवाय दिसत होतं.

त्याच युक्तीची नंतरची आवृत्ती मी आमच्या घरात पाहिली. ऐंशीच्या दशकात बाबांच्या पोटात रात्री दोनला कळ उठायची. एका खासगी दवाखान्यात त्यांना बेरियम प्यायला दिलं. पेलाभर पांढरं, खडूच्या चवीचं, घट्ट. फोटोत जठराच्या खालच्या टोकाशी तो पांढरा रंग एका खळगीत साचलेला दिसला. अल्सर. डॉक्टरांनी सांगितलं, चिंता सोडा, तिखट सोडा, दूध घ्या. त्या काळी सगळीकडे हेच सांगत, त्यात त्या डॉक्टरांचा काही दोष नव्हता. सोलापूरच्या माणसाला शेंगाचटणी सोडायला सांगणं म्हणजे काय, हे इथे राहिल्याशिवाय कळणार नाही. बाबा कितीतरी वर्षं कडक भाकरी दुधात कुस्करून खात आणि आमच्या ताटाकडे न बघता उठत. चिंता कशी सोडायची ते त्यांना कुणी सांगितलं नाही. मागाचा खडखडाट, रात्रपाळी, दोन मुलींची लग्नं.

तिकडे ऑस्ट्रेलियात, पर्थमध्ये, रॉबिन वॉरन यांना 1979 पासून जठराच्या अस्तरावर वाकडे जंतू दिसत होते. एवढ्या आम्लात जंतू जगणारच नाहीत, अशी सगळ्यांची खात्री. बॅरी मार्शल यांनी त्यांच्याबरोबर ते वाढवून पाहायचा प्रयत्न केला, जमेना. 1982 मध्ये ईस्टरच्या सुटीत बश्या जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जंतू उगवले. तरी कुणी ऐकेना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल स्वतःच ते जंतू घोटभर द्रवात घेऊन प्यायले. थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली आणि तिथून काढलेल्या तुकड्यात तेच जंतू निघाले. स्पालान्झानीच्या पिशव्यांची मला इथे आठवण येते. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तिखटाने दुखऱ्या जागी जळजळ होते हे खरं, पण अल्सर तिखटाने होत नाही. बहुतेकदा तो या जंतूने होतो, नाहीतर वेदनाशामक गोळ्यांनी. नव्वदच्या दशकात बाबांना दोन आठवडे प्रतिजैविकं दिली आणि रात्रीची कळ गेली ती गेलीच. मध्ये गेलेल्या वर्षांचा मला अजूनही राग आहे, पण तो कुणा माणसावर नाही. ज्ञान पर्थहून सोलापूरला यायला एवढा वेळ का लागावा, यावर आहे.

मेलेल्या पोटाचंही सगळं सांगून झालेलं नाही. आतड्यांना पाठीशी बांधून ठेवणारा जो पडदा, ज्यावर आसेलीला त्या रेषा दिसल्या, तो तुकड्यातुकड्यांचा असतो असं 100 आतडी मोजणाऱ्या ट्रीव्ह्ज यांनीच लिहिलं होतं. त्याच्या काही वर्षं आधी ऑस्ट्रियाच्या कार्ल टोल्टने तो सलग असल्याचं म्हटलं होतं, पण पुस्तकांनी ट्रीव्ह्ज यांचं ऐकलं. आयर्लंडच्या लिमरिकमधले शल्यवैद्य कॅल्विन कॉफी यांनी आतड्यांच्या शस्त्रक्रियांमधून बघत बघत तो अखंडच असल्याचं दाखवलं आणि 2016 मध्ये म्हटलं, हा एक स्वतंत्र अवयव धरा. सगळ्यांना ते अजून पटलेलं नाही. मी कॉफी यांचं हे म्हणणं वर्गात वाचून दाखवलं आणि रविवारी मटणाच्या दुकानात चाचांना विचारलं, "चाचा, आतड्याचा हा पडदा एकच असतो की वेगवेगळे?" त्यांनी बकऱ्याची आतडी एका हाताने वर उचलली, सगळा पडदा चरबीसकट सलग त्यांच्या मनगटावरून खाली आला. "एकच की मॅडम," ते म्हणाले, "वेगवेगळा कधी बघितला नाही. अर्धा किलो देऊ का?"